अनुभव धागा : ‘बाकी मुलगी छान आहे हो, पण...’

कोकमसार

गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात टीव्हीवर अर्धा मिनिट चालते. उरलेला दिवसभर तीच जाहिरात मावशी, आत्या आणि शेजारच्या काकू फुकटात चालवतात. मला या दुसऱ्या जाहिरातीबद्दल ऐकायचंय.

१९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. त्याआधी २०१४मध्येच जाहिरात मानक परिषदेने सांगितलं होतं की सावळं माणूस म्हणजे दुःखी, बेकार, बिनलग्नाचं असं दाखवायचं नाही. वरच्या मजल्यावर थोडी झाडलोट झाली म्हणायची. आपल्या वाडीत, शाळेत, मंडळात काय झालं? स्वतःवर बेतलेलं लिहा. कुणी काही बदललं असेल तर ते कसं जमलं हे जरा सविस्तर लिहा. रंगच हवा असं नाही. उंची, वजन, टक्कल, दात, कोड, हनुवटीवरचे केस, सगळं चालेल. घरगुती उपाय मात्र कृपा करून नकोत.

वऱ्हाडी_ठेचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत शिकवते. गॅदरिंगच्या नाचात पुढच्या ओळीत कोण, हे न बोलताच ठरलेलं असायचं. उजळ, नाकीडोळी नीटस मुली पुढे, बाकीच्या मागे. मागच्यांना वरून पावडरचे थर, की घामानं गळ्यावर पांढरे ओघळ. तसा नियम कुणी केला नव्हता, पण दरवर्षी व्हायचं तेच. मी चिठ्ठ्या टाकायला लागले, आणि दर कडव्याला ओळी बदलायच्या असं ठरवलं.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण मला ती मोठी वाटते. एका वर्गात दोन पूजा. एक ‘गोरी पूजा’, दुसरी ‘काळी पूजा’. मुलंच नाही, गुरुजीही तसंच हाक मारत. आता आडनावाच्या अक्षरावरून हाक मारतो. पहिले काही आठवडे सगळ्यांची जीभ अडखळायची, मग बसलं.

स्टुडिओवाला_कराड

आमचा धंदाच तो, त्यामुळं लिहितो. बायोडाटाचा फोटो काढायला पोरगी येते तेव्हा संगं आई असते. आई माझ्या खुर्चीमागं उभी राहून सांगणार, ‘अजून जरा उजळ करा.’ वडील निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे, त्याला तास जायचा. आता फोटोशॉपात एक रेघ वर ओढली की काम झालं, म्हणून तर प्रमाण सुटलं. नाकाचा शेंडा आणि कपाळ एकसारखं गुळगुळीत झालं की माणूस पुतळ्यागत दिसतो. पुढं पाव्हणं प्रत्यक्ष बघायला येतात, दारातच त्यांचं तोंड उतरतं, आणि ते पोरीला बरोबर दिसतं.

माझा हिशेब असा. चार दिवसांत जाणारी गोष्ट काढायची : मुरूम, ताजा ओरखडा. तीळ, व्रण, रंग ठेवायचा. आणि खरं काम प्रकाशाचं आहे. मागं पांढरा पडदा लावला की कॅमेऱ्याचं मीटर त्या पांढऱ्याला फसतं आणि सावळा चेहरा अजून काळपट काढतं. वरून समोरून फ्लॅश मारला की चेहरा चपटा न् तेलकट. बाजूनं मऊ उजेड घ्या, पडदा मातकट लावा, मग बघा. ही गोष्ट धंद्यातल्या लोकांना ठाऊक असते, तरी पडदा पांढराच, कारण ‘स्वच्छ दिसतं’. या पद्धतीनं काढलेला फोटो पाहिल्यावर खुर्चीमागची आई बहुतेक वेळा गप होते. काही ऐकत नाहीत. त्या दुसरीकडं जातात.

चंदनउटी

मसूर डाळीचं पीठ आणि साय एकत्र करून रोज रात्री...

कोकमसार

चंदनउटी, माझ्या पोस्टची शेवटची ओळ वाचा.

मेडिकलवाला_निफाड

आमच्याकडे रिकामं खोकं घेऊन बाया येतात, ‘हीच द्या, आमच्या जावेला गुण आला.’ खोक्यावर बघावं तर मोमेटासोन, नाहीतर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल. सगळी स्टेरॉइडची मलमं. गजकर्ण म्हणून कुणी लावतं, गोरं व्हायला कुणी लावतं. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर खप आहे. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, गालावर केस येतात, ऊन सोसत नाही. ट्यूब बंद केली की भडका उडतो, म्हणून परत तीच ट्यूब. २०१८ साली ही मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, काय करणार?

गावातल्या आशाताईंनी एकदा बायकांच्या बैठकीला बोलावलं. भाषण केलं नाही. प्रत्येकीला घरून ट्यूब आणायला सांगितलं आणि मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली. नाव-पत्ता नसलेल्या डब्याही निघाल्या, त्यांचीच भीती जास्त. त्यांत पारा असू शकतो. २०२३ साली केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले, त्यांच्यातलं साम्य म्हणजे असलीच क्रीमं.

दादरची_आजी

मुंबई दूरदर्शन १९७२ला सुरू झालं. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडी टीव्ही, आम्ही दारात दाटीवाटीनं उभ्या. स्मिता पाटील मराठी बातम्या द्यायच्या. सावळा रंग, मोठे डोळे, साडी, कपाळाला कुंकू. माझ्या सासूबाईंनी मला पाहायला आल्या तेव्हा रंगावरून नाक मुरडलं होतं. त्याच पदर सावरून त्या बाईंच्या बातम्या ऐकत बसायच्या. मी तेव्हा काही बोलले नाही, पण मनात नोंद केली.

१९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय दोघी जिंकल्या आणि आमच्या गल्लीत पार्लरच्या पाट्या लागल्या. आणि आता मालिकेत सावळी नायिका हवी असली तरी गोऱ्या मुलीला रंग फासून उभी करतात. सावळ्या मुली काय संपल्या?

काडीपैलवान

तालमींच्या गावात जन्मून बारीक असणं काय असतं ते कोल्हापूरकरांना विचारा. ‘वारं सुटलंय, दगड बांध खिशाला.’ हे माझे मामा, प्रत्येक जत्रेत. पावडरीचे डबे आणले, पोट बिघडलं, अंग काही भरलं नाही. तालमीतल्या वस्तादांनी एकच केलं : आरशासमोरच्या पोरांना हलवलं आणि जोर किती मारले ते वहीत लिहायला लावलं. वजन तेवढंच आहे, जोर वाढले. मामा अजून दगडच सांगतात.

पर्वतीवरून

मला कोड आहे. संसर्गजन्य नाही, रंगद्रव्य करणाऱ्या पेशी जातात, बस्स. पहिला डाग ओठाच्या कडेला आला आणि घरच्या हळदीकुंकवात माझ्या हातचं वाण घ्यायला एकीनं मागेपुढे पाहिलं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे. २००१पासून कोड असलेल्यांसाठी काम करते, त्यांचे वधू-वर मेळावेही होतात. मी गेले ते उपचारांची माहिती घ्यायला. तिथे पांढरे हात उघडे टाकून चहाचे कप वाटणारी एक बाई दिसली. मी पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून मे महिन्यात शिजत होते. पुढच्या आठवड्यात शिंप्याकडून बाह्या कापून आणल्या. नवऱ्याचं स्थळ मेळाव्यातलं नाही, ऑफिसातलं. वाण न घेणारीशी बोलणं अजून बेताचंच आहे.

सूचक_डोंबिवली

आम्ही काही जणी विनामूल्य वधू-वर सूचक मंडळ चालवतो. फॉर्ममधला रंगाचा रकाना काढला. फोन यायचे थांबले नाहीत : ‘फोटोत आहे तशीच आहे ना?’ आमचं ठरलेलं उत्तर, ‘भेटून बघा.’ काहींनी चिडून नाव काढून घेतलं. उंचीचा रकाना ठेवलाय, आणि त्यावरून आमच्यातच भांडण आहे. मला तो नकोय. बाकीच्या म्हणतात की मुलीच मुलाची उंची आधी विचारतात, आणि ते खोटं नाही.

कोकमसार

वऱ्हाडी_ठेचा, चिठ्ठ्यांचं पालकांना कसं पटवलंत? आमच्या सोसायटीच्या गणपतीत करायचंय.

वऱ्हाडी_ठेचा

पटवलं नाही. पालकसभेतच चिठ्ठ्या काढल्या, पोरींच्या हातानं, सगळ्यांसमोर. गावातल्या वजनदार घरची नात मागच्या ओळीत आली, तेव्हा थोडा तमाशा झाला. ‘मॅडम, फोटोत माही पोरगी दिसलीच नाही न!’ दुसऱ्या कडव्यात ती पुढे आली तोवर आजोबा मोबाइल आपटून बसले होते. तुम्ही मोबाइलवाल्यांना आधीच सांगून ठेवा, पूर्ण गाणं शूट करा म्हणून. आणि पावडरचा डबा ग्रीनरूममधून उचलून ऑफिसात ठेवा. मी कपाटाला कुलूप लावते.