गॅस स्टोव्हला कुठला थर्मोस्टॅट चालेल?

हिमगौरी: नमस्कार. न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या घरी हॉल गरम करायला प्रोपेन गॅसचा स्टोव्ह आहे. पायलट (आतली छोटी ज्योत) कायम पेटलेला, भिंतीवरच्या साध्या बटणाने चालू-बंद. रात्री खोली फार तापते, म्हणून बटणाच्या जागी वाय-फाय थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून आपोआप चालू-बंद करणारा) लावायचाय. बटण उघडलं तर आत दोनच बारीक वायरी. दुकानदार म्हणाला, २४ व्होल्टचा कुठलाही चालेल. घेऊ का?

शेगडीवाला: ताई, थांबा, इतक्यात घेऊ नका. स्टोव्हच्या पंख्याची वायर सोडून त्याची दुसरी कुठली वायर प्लगमध्ये जाते का? जात नसेल तर तो बहुधा मिलिव्होल्टचा. पायलटच्या ज्योतीत एक कांडी दिसेल, ती थर्मोपाइल. ज्योतीच्या आचेवर ती जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट वीज तयार करते, आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व उघडतो. वाय-फायवाल्याला स्वतःलाच २४ व्होल्ट लागतात, ते इथून कुठून मिळणार? आणि ट्रान्सफॉर्मर लावून ते थेट या वायरींत सोडले तर व्हॉल्व जळेल. हे कुणालाही करू देऊ नका.

सेलवर चालणारा, खोक्यावर ७५० मिलिव्होल्ट छापलेला साधा डिजिटल घ्या. बेसबोर्ड हीटरचा (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरचा) १२० किंवा २४० व्होल्टवाला नको. बर्फाच्या वादळात लाइट गेली तरी हा स्टोव्ह पेटतो, ही त्याची खरी किंमत. ती घालवू नका.

ओंटारिओकर: वाय-फाय हवाच असेल तर मध्ये आयसोलेशन रिले (विजेने चालणारं वेगळं बटण) टाका. २४ व्होल्ट फक्त रिलेच्या कॉइलपुरते, म्हणजे ते बटण ओढणाऱ्या वेटोळ्यापुरते; स्टोव्हच्या वायरी फक्त त्याच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे बटणाच्या टोकांवर. दोन्ही सर्किटं वेगळी राहतात.

शेगडीवाला: हे बरोबर आहे. फक्त लाइट गेली की रिले सुटतो, म्हणून जुनं बटण समांतर जोडून ठेवायचं.

हिमगौरी: बघितलं, पंख्याशिवाय प्लग नाही. मग सेलवालाच घेते. पण बटण स्टोव्हला अगदी लागून आहे, तिथेच लावू?

शेगडीवाला: तिथे नको. स्टोव्हच्या झळीने तो लगेच बंद करेल आणि पलीकडे सोफ्यावर तुम्ही कुडकुडत बसाल. आतल्या भिंतीवर, झळ थेट लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून साधारण ५ फुटांवर लावा. वायर १८ गेजची दोन तारांची, शक्य तितकी आखूड. इतक्या कमी व्होल्टेजला बारीक लांब वायर किंवा गंजलेला जोडही भारी पडतो. लावल्यावर पेटला नाही तर थर्मोस्टॅटकडच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून बघा. पेटला तर वायरिंग ठीक, थर्मोस्टॅट बदलून घ्या. नाहीच पेटला तर गॅसवाल्याला बोलवा, व्हॉल्व स्वतः उघडू नका.