मोहफुलांच्या दिवसात शाळेला सुट्टी कशी मिळवायची? मदत हवी आहे

गडचिरोलीत आमची पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा, मुलं बहुतेक गोंड. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे पडतात, मुलं अंधारातच टोपली घेऊन आईसोबत जंगलात, वर्गात जेमतेम निम्मी. सकाळची शाळा केली तर उलट नेमकी तीच वेळ आली! मुलांना दोष देणार नाही, घरचं वर्षाचं मीठमिरची त्यावरच असतं.

दिवाळीची सुट्टी कमी करून मोहाला १५ दिवस द्यायचे असा व्यवस्थापन समितीचा ठराव झालाय, आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) किमान २०० दिवस, ८०० तास तरीही भरतात. पण वरून तोंडी उत्तर, 'जीआर दाखवा'. आरटीई कलम ९ मध्ये तर शैक्षणिक कॅलेंडर ठरवणं स्थानिक प्राधिकरणाकडे आहे ना? कुणी असा बदल लेखी मंजूर करून घेतलाय का, आणि प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा की थेट जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे?