मदत हवी आहे: धोबीपछाडवाला व्हायरल व्हिडिओ खरा की बनावट?

नमस्कार मंडळी. पर्स ओढणाऱ्या धिप्पाड माणसाला एक मुलगी धोबीपछाड मारून आडवा करते, असा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. माझी भाची तो पाहून 'हे मलाही जमेल' म्हणतेय, म्हणून काळजी वाटते.

डाव खोटा नाही. हात घट्ट ओढून धरला आणि आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घातली, की जड माणूसही पाठीवरून जातो. पण त्यासाठी आधी त्याचा तोल पुढे यायला हवा. इथे गडी ताठ उभा आहे आणि नेमक्या वेळी स्वतःच टाचा उचलून उडी घेतल्यासारखा दिसतो. पडतानाही हनुवटी छातीला टेकलेली, तळहात जमिनीवर सपकन आपटलेला. हे तर पडायला शिकलेल्याचं लक्षण! शिवाय सीसीटीव्ही म्हणावं, तर कॅमेरा त्यांच्या मागे मागे फिरतो.

आखाड्यात किंवा ज्युदोच्या मॅटवर घाम गाळलेल्यांनी कृपया सांगावं, ताठ उभा माणूस खरंच इतक्या सहज उचलला जातो का? आणि न कापलेला मूळ व्हिडिओ शोधायचा कसा? स्क्रीनशॉट काढून इमेज सर्च केलं, तर तीच छोटी क्लिप पुन्हा पुन्हा येते. भाचीला काय सांगू, तेही कळवा.