अनुभव धागा: गोठ्यात न मावणारी जनावरं

काल तान्हा पोळा झाला. पुतण्या लाकडी नंदी ओढत गावभर फिरला, घरोघरचा बोजारा खिशात घातला आणि दिवेलागणीला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, नेटपॅक मारून द्या ना. आज नवीन प्राणी आले, मले पकडायचे हायेत." नंदी बिचारा ओसरीवर आडवा पडलेला.

ओरडणार कोणत्या तोंडानं? २०१६ च्या डिसेंबरात पोकेमॉन गो, म्हणजे चालत-फिरत मोबाईलमधले प्राणी पकडायचा खेळ, भारतात आला तेव्हा फुकटचं जिओ सिम टाकून मीही असाच बहकलो होतो. तर गावाकडच्या मंडळींनी लिहा. खेळात काय पाळलं, काय हातचं गेलं, नवा प्राणी आला म्हणून काय उपद्व्याप केले. शहरातल्यांनीही यावं, फक्त "आमच्या चौकात बारा पोकेस्टॉप (खेळातलं सामान मिळायच्या जागा) आहेत" असं सांगून जळवू नये.

डवरेवाला

आपला किस्सा सोयाबीनमधला हाय. पोकेमॉन गोमधलं अंडं चालल्याशिवाय फुटत नाही. दोन, पाच, दहा किलोमीटर, जसं अंडं तसं अंतर. गाडीवर बसून जमत नाही, ताशी दहा-साडेदहाच्या वर वेग गेला का मोजणंच बंद. बैलाचा वेग मात्र त्याले बरोब्बर चालते.

आता हिशोब करा. दीड फुटाचं तास धरलं तर एका एकराच्या डवरणीत माणूस जवळपास नऊ किलोमीटर चालते. नऊ! पहिल्या वर्षी मी खेळ चालू ठेवून मोबाईल बंडीच्या खिशात टाकला. दुपारी पाहतो तर साडेतीन किलोमीटर, आणि बॅटरी मेलेली. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाऊन परत आलं का ते मधलं चालणं गिळून टाके. २०१८ च्या शेवटी खेळ बंद असतानाही पावलं मोजायची सोय आली आन् मंग आपली चांदी झाली. दहाचं अंडं एका एकरात नव्वद टक्के, उरलेलं घरी येईपर्यंत. निघालं काय, तर माह्याजवळ आधीच तीनदा असलेलं.

बाबा मात्र खूश. आईले म्हणे, "यंदा पोट्टा न सांगता डवऱ्याले जाते."

वणीकर

@डवरेवाला, आणि बैलांना काय मिळालं?

डवरेवाला

ढेप.

परतवाड्याचा

आमचा काळ नेट कॅफेचा. तासाचे पंधरा रुपये, प्लायवुडचे खोपटे, प्रत्येक खोपट्याला पडदा. बाकी पोट्टे पडद्याआड काय पाहत ते सोडा, मी निओपेट्स खेळायचो. १९९९ ला सुरू झालेला खेळ, आमच्याकडे पोचायला सहा-सात वर्षं लागली. त्यातला प्राणी उपाशी राहिला तरी मरत नाही, नुसता 'मरणपंथाला' असं लिहून येतं. तेही मला बघवायचं नाही. रोज एक फुकट आमलेट मिळायचं, भलं मोठं, दगडी युगातल्या पठारावर ठेवलेलं. तुकडा उचलायचा नि प्राण्याला द्यायचा.

अडचण ही की घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नावही काढायचं नाही. एकदा बहिणीनं चुगली केली, "दादा रोज कॅफेत जाऊन आमलेट देतो." देतो म्हणाली होती, घरच्यांनी खातो ऐकलं. त्या दिवशी जो मार बसला तो आमलेटचा होता की पंधरा रुपयांचा, हे आजवर कळलं नाही.

दहावीच्या परीक्षेत प्राण्याला तिथल्या हॉटेलात ठेवला. सगळ्यात स्वस्त झुरळांच्या नावाचं होतं, रात्रीचे पाच पॉइंट, जास्तीत जास्त अठ्ठावीस रात्री. एकशे चाळीस पॉइंट एकदम भरले. परीक्षा संपवून गेलो तर गडी ताजातवाना. माझं वजन चार किलो घटलेलं.

आजीचा_नातू

माझं थोडक्यात. ९८ साली मामानं सीताबर्डीच्या फुटपाथवरून अंड्याच्या आकाराचा खेळ आणला होता. जपानच्या बान्दाई कंपनीनं ९६ मध्ये तामागोची काढला, त्याची ही नक्कल. तीन बटणं, बोटभर पडदा, आत टिपक्याटिपक्यांचं पिल्लू. भूक लागली की पिपी करायचं. शाळेत नेता येत नव्हता म्हणून आजीकडे सोपवला. बटणांना तिनं खुणा करून घेतल्या: पहिल्याला कुंकू, दुसऱ्याला हळद, तिसऱ्याला काही नाही. कुंकू म्हणजे चारा, हळद म्हणजे शेण काढणं.

आयुष्यभर पहाटे उठून गोठा साफ केलेली बाई दुपारी ओसरीवर बसून हळदीचं बटण दाबायची. "मुकं जनावर हाय बावा, त्याले कोन इचारते." मी पाळलेलं पिल्लू चार दिवसांच्या वर कधी टिकलं नाही. तिचं सतरा दिवस जगलं. मग सेल संपला आणि तालुक्यातही तसला बटणसेल मिळाला नाही. तिनं ते कोनाड्यात ठेवलं, गाईच्या जुन्या घंटेशेजारी.

मूलकडचा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वेगळीच गंमत. पोकेमॉन गोमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते सात एकच प्राणी भरभरून निघतो. शहरातले बागेत फिरतात. आमच्याकडचा एकमेव स्टॉप शेजारच्या गावच्या मारुतीजवळ, मध्ये साडेतीन किलोमीटर जंगलरस्ता. आणि सहा ते सात ही नेमकी खऱ्या वाघाच्या फिरण्याची वेळ. मोह वेचायला गेलेल्या बायांवर हल्ले होतात त्या भागात मी मोबाईलकडे बघत चालू? फॉरेस्टच्या गार्डनं एकदा अडवून विचारलं, काय शोधतो. खरं सांगितलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

टिनाचं_घर

मला नव्या प्राण्यांबद्दलच बोलायचंय. जपानी कोल्हे झाले, युरोपातले ड्रॅगन झाले, आमचा चकवा कधी येणार? रात्री शेतातून येताना रस्ता चुकवतो, फिरवून फिरवून पुन्हा त्याच बाभळीखाली आणतो, तो. जागेवर चालणाऱ्या खेळासाठी याच्याहून योग्य प्राणी सापडणार नाही.

आणि तो मोबाईलमध्ये आधीच आलेला आहे. आमच्या घरावर टिनं. आत बसलं की जीपीएस भरकटतं. मी खाटेवर, आणि पडद्यावरचा मी कधी विहिरीत, कधी पाटलाच्या तुरीत. एका रात्रीत दोनाचं अंडं झोपेतच फुटलं. आई म्हणते, चकवा लागला तर खाली बसावं, थोडं थांबावं, मग रस्ता दिसतो. जीपीएसलाही हाच उपाय लागू पडतो, करून पाहा.

गुहेतली_सून

इतक्या पुरुषांत लिहू की नको असं झालं होतं. मी ड्रॅगन केव्ह खेळते, लग्नाआधीपासून. २००६ पासूनचा खेळ आहे, देखावा काही नाही, नुसती अंड्यांची छोटी चित्रं. समुद्रकाठ, वाळवंट, रान, जंगल, डोंगर, ज्वालामुखी अशा सहा जागा. तिथून अंडं उचलायचं. मग सात दिवसांच्या आत ते पुरेशा लोकांनी पाहिलं पाहिजे. लोकांच्या नजरेची ऊब लागते म्हणा ना. नाहीच पाहिलं तर मरतं. सांभाळण्यासारखं दुसरं काही नाही.

नवी जात येते तेव्हा गुहेत झुंबड उडते. तिथलं घड्याळ अमेरिकेच्या पूर्वेकडचं, त्यामुळे त्यांचा ठोका पडतो तेव्हा आपल्याकडे साडे. साडेनऊ, साडेदहा. म्हणजे नेमकी भाकरी थापायची वेळ. डाव्या हाताच्या करंगळीनं, तिथं पीठ कमी असतं, मी दोन नवी अंडी उचललेली आहेत.

पहिली चूक अशी की अंड्याचा कोड, ज्यावरून लोकांना ते पाहता येतं, थेट कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. साठजणींनी पाच मिनिटांत पाहिलं. थोड्या वेळात फार नजरा पडल्या की अंडं आजारी पडतं, हे मला माहीतच नव्हतं. मग धुक्यात झाकून ठेवावं लागलं, म्हणजे कोणाला दिसत नाही. सासूबाई मागून बघत होत्या. त्यांना खेळ कळला नाही, आजार लगेच कळला. "नजर लागली. मीठमोहऱ्या उतरव." उतरवल्या, मोबाईलवरून. अंडं वाचलं. धुक्यानं वाचलं, पण मी त्यांना तसं बोलले नाही.

मागच्या आषाढात टॉवर पाच दिवस बंद होता. नदी गावाला वळसा घालून वाहत होती, डिझेल पोचत नव्हतं. नेट आलं तेव्हा चारपैकी दोन गेलेली. एक त्या महिन्यातलं नवं होतं. मी काही बोलले नाही, पण त्या दिवशी खुडूक कोंबडीखालची अंडी सासूबाईंनी मला मोजायला लावली. तेरा होती. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. "दोन जातातच," त्या म्हणाल्या, आणि खुराड्याचं दार लावून घेतलं.

आता त्याच विचारतात, आज काय निघालं. या खेळाच्या गुहेत कधीमधी ड्रॅगनऐवजी साधं कोंबडीचं अंडं येतं. मला आलं तेव्हा मी वैतागले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे ठेव. हे कामाचं."

वणीकर

ताई, मीही कालच नाव नोंदवलं तिथं. तीन अंडी घेतली आणि आमच्याकडे दुपारपासून लाइन नाही, मोबाईल आठ टक्क्यांवर. कोड पाठवू का? पाहता का जरा?

गुहेतली_सून

पाठवा भाऊ. बाकीच्यांनी एकदम तुटून पडू नका, आज अर्धे पाहा, अर्धे उद्या.