ब्रिजची सुरुवात बोलीपासून करावी की खेळापासून?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घराजवळच्या जिमखान्यात संध्याकाळी ब्रिज खेळतात आणि नवशिक्यांनाही सामावून घेतात. मेंढीकोट आणि तीनशेचार मी लहानपणापासून खेळत आले आहे, त्यामुळे पत्त्यांची सवय आहे. पण तिथे बोली सुरू झाली की काही उमगत नाही. परवा एकांनी ‘एक नोट्रम्प’ (हुकमाविना खेळण्याची बोली) म्हटले, त्यावर त्यांच्या भिडूंनी ‘दोन किलवर’ अशी बोली दिली, आणि पाने उघडल्यावर त्या भिडूंकडे किलवरचे एकच पान निघाले. अशा बोली आधी पुस्तकातून पाठ कराव्यात की थेट खेळायला बसावे? साठीच्या जवळ आल्यावर हे जमेल का, हीही शंका आहे.

प्रतिसाद १

आधी खेळायला बसा, असे मी आग्रहाने सांगेन. मेंढीकोटमुळे भिडूबरोबर खेळणे, आलेल्या रंगाचे पान टाकणे आणि हुकमाने हात मारणे या गोष्टी तुमच्या अंगवळणी पडलेल्याच आहेत. फरक इतकाच, की इथे दश्शीला वेगळा मान नाही आणि तीनशेचारसारखा गुलाम सर्वांत मोठाही नाही. तेरापैकी किती हात झाले, एवढेच मोजले जाते.

खरी नवलाई डमीची आहे. पहिले पान पडले की बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली तेराही पाने टेबलावर मांडतो, आणि त्या क्षणी कोणतेही पान टाकण्याआधी थांबून हिशेब करण्याची सवय लावून घ्यावी. समजा, इस्पिक हुकूम आहे आणि तुमची पाच व डमीची तीन मिळून आठ इस्पिके आहेत. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांकडे पाच उरली, आणि ती तीन-दोन अशी वाटली गेलेली असण्याची शक्यता सुमारे 68 टक्के असते. म्हणून तीनदा हुकूम खेळला की बहुतेक वेळा त्यांचे हुकूम संपतात. हे मोजणे एकदा हाताला लागले, की बोलीचा अर्थ आपोआप कळू लागतो.

प्रतिसाद २

वरील मताशी मी निम्माच सहमत आहे. क्लबमध्ये बोली न समजता बसल्यास भिडूची पंचाईत होते, म्हणून किमान पाया घरूनच पक्का करून जावे. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2 आणि गुलामाचा 1 असे गुण धरतात. सगळ्या पत्त्यांचे मिळून 40 होतात. साधारण 12-13 गुण असले की बोली उघडावी, आणि दोघांचे मिळून 25 च्या आसपास भरत असतील तर तीन नोट्रम्प किंवा चार बदाम, चार इस्पिक गाठण्याचा विचार करावा.

तुम्ही पाहिलेली ‘दोन किलवर’ ही बोली म्हणजे स्टेमन. किलवरशी तिचा संबंध नाही. ‘तुमच्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पाने आहेत का?’ असा तो भिडूला विचारलेला प्रश्न असतो. सुरुवातीला एवढा एकच संकेत पुरे.

प्रतिसाद ३

एक गोष्ट वर राहून गेली. घरच्या मेंढीकोटात डोळ्यांनी किंवा सुस्काऱ्याने भिडूला खूण करणे चालून जाते. ब्रिजमध्ये ते नियमबाह्य आहे. आवाजाच्या चढउतारातूनही काही सूचित होऊ नये, म्हणून स्पर्धांत बोली तोंडाने न देता छापील पत्ते मांडून देतात. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. वयाची शंका मात्र मनातून काढून टाका: 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणब बर्धन 60 वर्षांचे होते आणि त्यांचे भिडू शिबनाथ सरकार 56 वर्षांचे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुणांची मोजणी आणि स्टेमन पक्के करून पुढच्या आठवड्यात टेबलावर बसते. संयमाने समजावून सांगणारा एखादा अनुभवी भिडू मिळावा, अशी विनंती जिमखान्याच्या चिटणिसांना आजच करून ठेवते.