ठसा फक्त कठीणपणा सांगत नाही

पदार्थात कठीण टोक दाबून ठसा उमटवण्याच्या चाचणीबद्दल म्हटलं जातं की तिच्यातून मिळतो तो नुसता कठीणपणाचा आकडा, बाकी गुणधर्मांसाठी नमुना ओढून तोडावाच लागतो. स्वीडिश अभियंता ब्रिनेलने १९०० साली गोळी दाबून ठशाचा व्यास मोजला, तेव्हापुरतं ठीक. आता यंत्र टोक दाबताना आणि उचलताना बल व खोली सतत नोंदवत राहतं.

खरी गंमत उचलण्यात आहे. दाबताना लवचीक आणि कायमचं, दोन्ही विरूपणं (आकारातले बदल) मिसळलेली असतात. टोक उचलायला लागलं की पदार्थ सुरुवातीला निव्वळ लवचीकपणे परततो. म्हणून बल-खोलीच्या आलेखाच्या त्या पहिल्या उतारावरून आणि टोक-पदार्थाच्या संपर्क क्षेत्रफळावरून यंग गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचं माप) काढता येतो. ऑलिव्हर आणि फार या संशोधकांची १९९२ची पद्धत ती हीच.

काचेसारख्या ठिसूळ पदार्थात व्हिकर्स ठशाच्या (हिऱ्याच्या पिरॅमिडसारख्या टोकाने उमटलेल्या) कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा मोजून भंगाला होणाऱ्या विरोधाचा अंदाजही बांधतात (अंदाजच हं, डोळे मिटून विसंबू नका).

आकडा बघताना खोली जरूर विचारा. अगदी उथळ ठशात तोच धातू जास्त कठीण दिसतो. शिवाय काही मऊ धातूंत ठशाभोवतीची कड वर उचलली जाते, संपर्क क्षेत्रफळ कमी धरलं जातं आणि कठीणपणा व गुणांक दोन्ही फुगतात.