मालिकेतला हशा: खरा की भरलेला? (अनुभव धागा)

गोदाकाठचा: आमच्या घरात सध्या वाद पेटलाय. मुलीला जुन्या इंग्रजी मालिकांतला मागचा हशा सहन होत नाही. "कुठे हसायचं ते आम्हाला कळतं," म्हणते. बायकोला त्याशिवाय मालिका सुनीसुनी वाटते. म्हणून विचारतो, अशा चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून कोणी बसलंय का? नाटकवाल्यांनीही लिहा.

मुळात प्रकार दोन. 'आय लव्ह लुसी' १९५१ मध्ये सुरू झाली, ती खऱ्या प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेरे चालवून फिल्मवर घेत. तिथला हशा समोर बसलेल्यांचा. दुसरा प्रकार सीबीएस या अमेरिकन वाहिनीचा ध्वनी तंत्रज्ञ चार्ल्स डग्लस याचा. त्याने १९५०च्या दशकात हशाच्या टेपा भरलेलं यंत्रच बनवलं. एक बटण दाबलं की खुदखुद, दुसरं दाबलं की सातमजली. पेटीला कायम कुलूप, आत काय आहे ते कोणाला दाखवायचा नाही. प्रेक्षकांसमोर घेतलेल्या भागांतही हशा कमी पडला की यातून भर घालत. त्यामुळे 'खरा' म्हणतो तोही निर्भेळ असेलच असं नाही.

इंदिरानगरची मावशी: मी बसलेय! मराठी विनोदी कार्यक्रम होता, नाव सांगत नाही. आम्ही भिशीच्या बायका पंचवटी एक्स्प्रेसने गेलो. स्टुडिओत एसी असा की दातावर दात. स्किट सुरू व्हायच्या आधीच एक मुलगा पुढे येऊन म्हणाला, "आता फक्त टाळ्या. आता जोरात हसा. आता शेजारणीकडे बघून हसा." कॅमेरा आमच्यावर आणि विनोदाचा पत्ताच नाही! पण हसण्याचं सोंग करताना आमच्यातली एक अशी काही खिंकाळली की आम्ही सगळ्या खरोखरच फुटलो.

स्किट छान झालं, पण माइकचं काहीतरी बिनसलं म्हणून पुन्हा घेतलं. तोच विनोद दुसऱ्यांदा, काय हसणार? तरी हसलो. समोर तो कलाकार घामाघूम होऊन पुन्हा जीव तोडून करत होता, त्याला कसं तोंडघशी पाडायचं? टीव्हीवर लागलं तेव्हा आमचं ते आधीचं हसणं भलत्याच विनोदाला चिकटवलेलं. सूनबाई म्हणाली, "आई, या जोकला एवढ्या हसलात?" आणि हो, पुढच्या रांगेत काहीजण पैसे घेऊन बसायला आलेले होते, त्यांनीच सांगितलं. त्यांचं हसणं आमच्यापेक्षा सफाईदार.

तिसरी घंटा: आम्ही हौशी रंगकर्मी. राज्य नाट्य स्पर्धेत नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहात विनोदी भूमिका केल्यात. लाफ्टर आला की थांबायचं, पण तो पुरता विरू द्यायचा नाही. उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. घाई केली तर वाक्य बुडतं, उशीर केला तर प्रवेश बसतो. तालमीत हे जमत नाही, तिथे सगळ्यांनाच विनोद पाठ. परीक्षक तर मान खाली घालून लिहीत असतात, म्हणून कान मागच्या रांगांकडे ठेवावा लागतो.

त्यामुळे यूट्यूबवर 'द बिग बँग थिअरी'तला हशा काढून "बघा किती भिकार" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती मालिका प्रेक्षकांसमोर घ्यायचे. नट लोकांच्या हसण्यासाठी थांबलाय आणि तुम्ही हसणंच पुसून त्याला खुळ्यासारखा उभा केलात! नुसत्या भरलेल्या हशात समोर ऐकून थांबण्यासारखं काहीच नसतं. नट अंदाजाने थांबतो, हशा मागाहून बसवतात, आणि मग कधी तो वाक्यावर चढतो, कधी उगाच रेंगाळतो. कान सरावला की कळतं.

निफाडचा भाऊ: मी हशाच्या बाजूने. इंजिनिअरिंगला नाशकात आलो तेव्हा होस्टेलवर सगळे 'फ्रेंड्स' बघायचे. मला इंग्रजी अर्धंमुर्धंच कळायचं. हशा झाला की समजायचं, इथे काहीतरी घडलं. मग मागे नेऊन सबटायटल वाचायचो, पोरं शिव्या घालायची. इंग्रजी असं शिकलो.

गोदाकाठचा: भाऊ, 'फ्रेंड्स'चा लंडनमधला भाग आठवतो? मोनिका चँडलरच्या पांघरुणातून डोकं वर काढते तो. तिथल्या प्रेक्षकांनी एवढा कल्ला केला की लेखकांनी त्या दोघांचं प्रेमप्रकरण पुढे वाढवलं. डग्लसच्या पेटीने असा सल्ला कधी दिला नसता.

रात्रपाळी: मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश' या अमेरिकन मालिकेत वाहिनीच्या आग्रहाने हशा भरला होता, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत निर्मात्यांनी तो येऊ दिला नाही. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने मालिका हशाशिवायच दाखवली. मला ते फार पटतं. आम्हीही टेबलाशी विनोद करतो, सर्जन तर फारच. पण ते हात थरथरू नयेत म्हणून. तिथे मागून कोणी खो-खो हसलं असतं तर मालिका तिथेच बंद केली असती मी.

सिडकोकर: २०२० ची आयपीएल आठवा. दुबई, अबुधाबी, शारजा, स्टेडियम रिकामी, तरी टीव्हीवर गर्दीचा गलका. वडिलांना सांगितलं, हा आवाज वरून टाकलाय. "असू दे, विकेट तर खरी पडली ना?" म्हणाले आणि आवाज वाढवला.

मावशी, पास कसे मिळाले?

इंदिरानगरची मावशी: भिशीतल्या एकीचा भाचा तिथे कामाला आहे. पण चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत लांबतं, मुक्कामाची सोय बघूनच जा.